अण्णांच्या गोळ्यांचा डबा: अँटिऑक्सिडंटनं म्हातारपणी प्रतिकारशक्ती खरंच वाढते का?

नदीपल्याड
नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असतो पण आज घरात वाजलंय म्हणून धागा काढतोय. आमचे अण्णा, वय ७४, आम्ही सांगलीवाडीत राहतो, रिटायर झाल्यापासनं रोज सकाळी आयर्विन पुलावरनं गणपतीला चालत जाऊन येतात, तब्येतीनं काटक माणूस. चार वर्षांपूर्वी ठोके अनियमित निघाले तेव्हापासनं रक्त पातळ करायची गोळी चालूय (वॉरफरिन), आणि बीपीची एक. बाकी काय नाही. पण करोनानंतर त्यांना इम्युनिटीचं खूळ लागलंय. त्यात माझा आतेभाऊ एका साखळी मार्केटिंगच्या कंपनीत शिरलाय, तो दर महिन्याला २,८५० रुपयांची एक बाटली आणून देतो, त्यात व्हिटॅमिन ई, सी, झिंक आणि द्राक्षाच्या बियांचा अर्क असं काय काय आहे. वय झालं की पेशी गंजतात, हे घेतलं की गंज निघतो, असं त्याचं म्हणणं.

आता मुद्दा. गणपती झाल्यावर अण्णांना कमरेला नागीण उठली. उजव्या बाजूनं बेंबीपासनं पाठीपर्यंत पट्टा, रात्री शर्टचं कापड लागलं तरी कळवळायचे. आतेभाऊ म्हणतो बाटली चालू होती म्हणून एवढ्यावर निभावलं, आता डबल डोस करा. मी म्हणालो बाटली दोन वर्षं चालूय तर नागीण उठलीच कशी? आई म्हणते दोघं गप बसा, काव उगाळून लावा, आणि तोंड-शेपूट एकत्र येऊ देऊ नका. तर जाणकारांनी सांगा, हे अँटिऑक्सिडंट म्हाताऱ्या माणसाला खरंच उपयोगी पडतं का? आतेभावाला तोंडावर काय सांगू ते पण सांगा, दिवाळीत गाठ पडणार आहे.

फुटाणे_खारे
भडंग घेऊन बसलोय. होऊ द्या चालू.

हळद्या
तासगावच्या शेजारी राहून द्राक्षाच्या बियांचा अर्क बाहेरनं मागवताय? पण खरं हाय, आपली तास-ए-गणेश न सोनाका बिनबियांची, मग बिया आणायच्या कुठनं.

यशाची_पायरी
सर तुमच्या वडिलांना त्रास झाला वाचून वाईट वाटलं. पण एक समजून घ्या की आजकालच्या अन्नात सत्त्व राहिलेलं नाही, सगळं केमिकल, त्यामुळं फ्री रॅडिकल्स वाढतात आणि इम्युनिटी डाऊन होते. चांगल्या प्रॉडक्टची ओरॅक व्हॅल्यू, म्हणजे अँटिऑक्सिडंटची ताकद, बघा, संत्र्याच्या कितीतरी पट असते. माझी स्वतःची आई ६८ वर्षांची आहे, तीन वर्षांत साधी सर्दी नाही. माहितीसाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

फुटाणे_खारे
आले. भडंगात कांदा टाकतो.

पेशीवाली
मी याच विषयात काम करते (पुण्यात, मूळची कराडची), म्हणून जरा लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या.

आधी त्या 'गंजा'चं. ही कल्पना अगदीच हवेतली नाही. डेनहॅम हार्मन नावाच्या शास्त्रज्ञानं १९५६ मध्ये मांडलं की शरीर ऑक्सिजन वापरताना जे चळवळे रेणू तयार होतात, तेच फ्री रॅडिकल्स, ते पेशींचं नुकसान करत राहतात आणि त्यातनं म्हातारपण येतं. मग पुढचं गणित सगळ्यांना सोपं वाटलं, की या रेणूंना विझवणारं काहीतरी, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, गोळीतनं द्या, झालं काम. पण गोची अशी आहे की हेच रेणू आपलं शस्त्र पण आहेत. पांढरी पेशी जंतू गिळते ना, की लगेच त्याच्यावर आतल्या आत याच रेणूंची फवारणी करते आणि त्याला मारते. काही मुलांत जन्मतःच हा फवारणीचा पंप बंद असतो, त्यांना लहानपणापासून वारंवार गंभीर इन्फेक्शनं होतात. म्हणजे ऑक्सिडंट म्हणजे वाईट आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलं अशी सरळ विभागणी शरीर करत नाही.

आता नागीण. ती बाहेरनं येत नाही. लहानपणी कांजिण्या आल्या की तो विषाणू बरा होऊन जात नाही, मणक्याजवळच्या नसांच्या गाठीत दडून बसतो, साठ साठ वर्षं. त्याला दाबून ठेवायचं काम टी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) करतात. या पेशी तयार होतात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत, आणि ती ग्रंथी तारुण्यापासूनच आक्रसत जाते, सत्तरीत तिच्या जागी बरीचशी चरबीच असते. त्यामुळं नव्या कोऱ्या टी पेशींचा पुरवठा आटतो आणि जुन्याच पेशी ओढत काम करत राहतात. त्यात भर म्हणजे म्हातारपणी अंगात एक बारीक धग सतत चालू राहते, ज्याला आम्ही इन्फ्लमेजिंग म्हणतो. विषाणूला फट सापडते आणि तो त्याच एका नसेच्या वाटेनं खाली कातडीवर येतो, म्हणून पट्टा, आणि म्हणून तो एकाच बाजूला. तोंड आणि शेपूट भेटायचा प्रश्नच सहसा येत नाही, आईंना सांगा. काव लावू नका, फोड फुटले तर त्यातनं दुसरं इन्फेक्शन व्हायचं. पुरळ दिसल्यापासनं तीन दिवसांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर जास्त उपयोग होतो, त्या झाल्या होत्या का?

(ओरॅकचं एक राहिलं. ती परीक्षानळीतली मोजणी. अमेरिकेच्या कृषी खात्यानं आपला ओरॅकचा तक्ता २०१२ मध्येच वेबसाइटवरनं काढून टाकला, कारण कंपन्या त्याचा जाहिरातीसाठी वापर करायला लागल्या आणि नळीतल्या आकड्यावरनं माणसाच्या अंगात काय होईल हे कळत नाही.)

नदीपल्याड
धन्यवाद, हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. गोळ्या चौथ्या दिवशी सुरू झाल्या, कारण पहिले तीन दिवस उन्हाळी लागली, गांधील चावली असंच चाललं होतं आणि मग गल्लीतली एक आजी नागीण उतरवायला आली. आता फोड वाळलेत पण आतनं चटका मारतो म्हणतात.

यशाची_पायरी
मॅडम तुम्ही थिअरी सांगताय. व्हिटॅमिन ई नं म्हाताऱ्यांची इम्युनिटी वाढते हे अमेरिकेत सिद्ध झालंय, आम्हाला ट्रेनिंगला स्लाइड दाखवली होती.

पेशीवाली
स्लाइड खरी असणार, फक्त अर्धी. १९९७ मध्ये बोस्टनच्या टीमनं ६५ च्या वरच्या ८८ निरोगी लोकांना साधारण आठ महिने वेगवेगळ्या डोसमध्ये व्हिटॅमिन ई दिलं. रोज २०० मिलिग्रॅमवाल्यांची प्रतिकारशक्तीची त्वचेवरची चाचणी आणि हिपॅटायटिस बी च्या लशीला मिळालेला प्रतिसाद सुधारला. आणि गंमत बघा, ८०० वाल्यांना त्याहून जास्त फायदा झाला नाही. म्हणजे जितकं जास्त तितकं चांगलं हे तिथंच मोडलं.

आता उरलेली अर्धी स्लाइड. चाचणी सुधारणं वेगळं आणि माणूस कमी आजारी पडणं वेगळं, म्हणून त्याच लोकांनी पुढं वृद्धाश्रमांतल्या ६१७ जणांना वर्षभर रोज २०० युनिट ई देऊन बघितलं, २००४ मध्ये छापून आलं. छातीच्या इन्फेक्शनमध्ये ठळक फरक नाही. साधी सर्दी मात्र थोड्या कमी लोकांना झाली, हे पण सांगायला पाहिजे. आणि त्याच्या दोन वर्षं आधी नेदरलँड्समध्ये घरीच राहणाऱ्या ६० च्या वरच्या ६५२ लोकांवर प्रयोग झाला, २०० मिलिग्रॅम ई, तिथं इन्फेक्शनं कमी तर झाली नाहीतच, उलट ई घेणाऱ्यांना झालेली इन्फेक्शनं जास्त तीव्र निघाली. ताप जास्त, आजारपण जास्त दिवस.

आणखी एक. १९९२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक फार गाजलेला अभ्यास आला होता, ९६ वृद्धांना व्हिटॅमिन-खनिजांची गोळी दिली तर आजारपणाचे दिवस निम्म्यावर आले असा. विद्यार्थी असताना मी पण तो आदरानं वाचला होता. तो २०१६ मध्ये मागे घेतला गेला, म्हणजे छापील यादीतनं रद्द. पण माहितीपत्रकांतनं काही रद्द होत नाही, अजून फिरतोय.

हळद्या
+१. आमच्या मार्केट यार्डात पण जुन्या सौद्याचा भाव सांगून माल खपवणारे असतात.

गलाईवाला
मी विट्याचा, सध्या कोईमतूरला, सोनं-चांदी गाळायचा धंदा. आयुष्य भट्टीसमोर गेलं आणि सिगरेट सुटली नाही. वय ५८. बायको गाजराचा रस देते आणि वरनं एका ओळखीच्यानं बीटा कॅरोटीनच्या कॅप्सूल दिल्यात, फुफ्फुस साफ राहतं म्हणून. त्या घेऊ का नको सांगा की ताई.

पेशीवाली
दादा, रस घ्या, कॅप्सूल आजच्या आज बंद करा. इथं मी गुळमुळीत बोलणार नाही. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९ हजारांवर सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांना ५ ते ८ वर्षं बीटा कॅरोटीन आणि ई देऊन बघितलं, अपेक्षा हीच की फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होईल. १९९४ मध्ये निकाल आला, बीटा कॅरोटीनवाल्यांत तो १८ टक्के जास्त. लोकांना वाटलं काहीतरी चुकलं असेल. अमेरिकेत असाच दुसरा प्रयोग चालू होता, बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए एकत्र, तो १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला, तिथं २८ टक्के जास्त. गाजरातनं येणाऱ्या कॅरोटीननं असं होत नाही, २० न ३० मिलिग्रॅमच्या रोजच्या कॅप्सूलनं झालं. आणि भट्टीच्या धुरात मास्क लावा, सिगरेटचं तुम्हाला मी काय सांगू.

गलाईवाला
बायकोला वाचून दाखवलं. कॅप्सूल गेल्या, आता सिगरेटवरनं सुरू झालंय.

यवतेश्वर_घाट
मी सातारकर, वय ५२, हिल मॅरेथॉन पळतो. व्हिटॅमिन सी रोज हजार. सर्दी होत नाही हा माझा अनुभव आहे, लिनस पॉलिंग, दोन नोबेलवाला माणूस, सी घ्या म्हणून सांगायचा, तो काय खुळा होता काय?

पेशीवाली
खुळा नव्हता, पण सी च्या बाबतीत पुराव्याच्या पुढं धावला. सगळ्या चाचण्या एकत्र करून बघितल्या तर साध्या माणसाला रोज सी घेऊन सर्दी व्हायची थांबत नाही, झालेली सर्दी मोठ्यांत ८ टक्के लवकर आटपते, म्हणजे आठवड्याची असेल तर अर्धा दिवस. पण गंमत म्हणजे तुमचा अनुभव खोटा नसावा, कारण मॅरेथॉन पळणारे, बर्फात कवायत करणारे सैनिक अशा लोकांत सर्दीचं प्रमाण निम्म्यानं कमी झालेलं दिसलंय. दुसरी बाजू अशी की २००९ च्या एका प्रयोगात तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, निम्म्यांना सी १००० आणि ई ४०० दिलं, तर व्यायामानं इन्सुलिनचं काम सुधारतं तो फायदा गोळीवाल्यांना मिळालाच नाही. घाट चढून जी धग तयार होते तीच स्नायूला शिकवते, आणि आपण ती विझवतो.

आणि मुतखडा झालाय का कधी? स्वीडनमध्ये २३ हजारांवर पुरुषांची नोंद ठेवली होती, सी च्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण साधारण दुप्पट निघालं.

यवतेश्वर_घाट
झालाय. दोनदा. डॉक्टरनं पाणी कमी पिता म्हणून सोडून दिलं, गोळीचं कुणी विचारलंच नाही. बघतो आता. पेरूवर भागवू म्हणताय?

पेशीवाली
शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर सी असतं, आणि पुरुषाची रोजची शिफारस ८०. भागेल की.

साताऱ्याची_सून
सगळ्याच गोळ्यांना झोडपू नका हं. माझ्या सासूबाई ७९ च्या, डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग खराब होतोय, त्यांना डोळ्याच्या डॉक्टरांनीच सी, ई, ल्युटीन, झिंकची गोळी दिलीय. ती पण अँटिऑक्सिडंटच ना? इथलं वाचून त्यांनी बंद करते म्हणायला सुरुवात केलीय.

पेशीवाली
अजिबात बंद करू नका, बरं झालं विचारलंत. हा अपवाद खरा आहे, पडद्याच्या त्या विशिष्ट आजारात, मधल्या टप्प्याला, ही गोळी आजार पुढं सरकायचा वेग कमी करते, मोठ्या चाचण्यांत दिसलंय. त्यात झिंक ८० मिलिग्रॅमपर्यंत असतं म्हणून मुद्दाम सोबत २ मिलिग्रॅम तांबं घातलेलं असतं, कारण झिंक जास्त झालं की शरीरातलं तांबं कमी पडतं. आधी बीटा कॅरोटीन पण असायचं, सिगरेटवाल्यांचा प्रश्न कळल्यावर ल्युटीन आणि झिआझँथिन आलं. ठरावीक आजार, ठरावीक डोस, मोजलेला फायदा. इम्युनिटीच्या बाटलीशी तिचा संबंध नाही.

हळद्या
मग आमच्या हळदीचं काय ते पण सांगून टाका. पिढ्यान् पिढ्या हरिपूरच्या पेवात हळद साठवली आम्ही, आणि आता शहरात तिच्या कॅप्सूल विकतात, मिरी घालून.

पेशीवाली
भाजीत, दुधात घ्या, बिनधास्त. हळदीतलं करक्युमिन आतड्यातनं फार कमी शोषलं जातं, म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पायपरिन घालून ते वाढवतात, आणि तिथंच काही जणांच्या लिव्हरला सूज आल्याच्या केसेस इटलीत न अमेरिकेत नोंदल्या गेल्यात. स्वयंपाकातल्या चमच्याचा आणि त्याचा हिशोब एक नाही.

मिरज_जंक्शन
उशिरा आलो. माझं मिरजेत तीस वर्षं मेडिकल दुकान आहे, दवाखान्यांच्या गावात दुकान म्हणजे चिठ्ठ्या वाचून वाचून डोळे गेले. धागाकर्त्याला दोन प्रश्न, सगळे अभ्यासावर बोलताय पण अण्णांच्या पोटात रोज नक्की काय जातं ते कुणी विचारलंच नाही. एक, बाटली सोडून आणखी काय घेतात? एक माणूस एकच गोळी घेतो असं मी आजपर्यंत बघितलं नाही. दोन, ते वॉरफरिनवर आहेत, हातावर निळे-काळे डाग पडतात का, दात घासताना रक्त?

नदीपल्याड
काका, तुमचा प्रतिसाद वाचला आणि तसाच उठलो.

अण्णांचा एक स्टीलचा डबा आहे, पूर्वी त्यात दिवाळीचे लाडू असायचे. जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरला आणि उपडा केला. अर्ध्या स्ट्रिप कापलेल्या, नेमकी नावाची बाजू कापलेली. आई भिंग घेऊन वाचत होती, मी लिहीत होतो. आतेभावाच्या बाटलीत ई २००. त्याशिवाय ती हिरवी कॅप्सूल, बायका चेहऱ्याला लावतात ती, ४०० ची, ती अण्णा पायात गोळे येतात म्हणून रात्री घेतात, कुणीतरी देवळात सांगितलं. आणि एक तांबडी मऊ गोळी, हिच्यावर सरळ 'अँटिऑक्सिडंट' छापलंय, ती तीन वर्षांपूर्वी पडसं झालं तेव्हा लिहून दिलेली, दहा दिवसांसाठी, अजून चालूय. तिच्यात ई २५. बेरीज ६२५ मिलिग्रॅम. झिंक: बाटलीत १५, बी कॉम्प्लेक्समध्ये साडेबावीस, तांबड्या गोळीत १०, बेरीज साडेसत्तेचाळीस. सी: चघळायच्या ५०० च्या दोन, करोनापासनं, अधिक बाटलीतलं १५०.

आणि डाग आहेत. दोन्ही हातांवर कोपराच्या खाली. आम्ही समजत होतो बागेत काम करताना खरचटतं.

मिरज_जंक्शन
उद्या सकाळी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) करा आणि रिपोर्ट घेऊन हार्टच्या डॉक्टरकडं जा, हा पेपरवरचा हिशोब सोबत न्या. वॉरफरिनची गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. ई जास्त झालं की रक्त गोठवणाऱ्या व्हिटॅमिन के च्या कामात आडवं येतं, आणि वॉरफरिन पण तेच करतं, म्हणजे दोघं मिळून रक्त जास्तच पातळ. ई ची रोजची गरज १५ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. झिंकची मोठ्या माणसाची वरची मर्यादा ४०.

आमची पण चूक आहे हो. ती हिरवी कॅप्सूल मी दिवसाला किती जणांना देतो आणि एकालाही विचारत नाही आजोबा रक्त पातळ करायची गोळी चालूय का. दुपारी गर्दी असते, सुट्टे नसतात, जाऊ दे.

यशाची_पायरी
आमच्या बाटलीवर स्पष्ट लिहिलंय की औषधे चालू असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्या.

फुटाणे_खारे
लिहिलंय ना, भिंगातनं दिसतं.

नदीपल्याड
अपडेट. आयएनआर ३.९ आला, अण्णांचा २ ते ३ मध्ये पाहिजे. डॉक्टर म्हणाले ई मुळंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, आजारपणात जेवण कमी झालं, नवीन गोळ्या आल्या, त्यानं पण हलतो, पण हे डब्यातलं सगळं आजपासनं बंद, वॉरफरिनचा डोस ते बदलून देतील आणि आठवड्यानं परत तपासायचं. मग मी इम्युनिटीचं विचारलं, तर म्हणाले नागिणीची लस आहे आता आपल्याकडं, ५० च्या वरच्यांना, दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं. सत्तरीच्या वरच्या लोकांत पण ९० टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळालेलं आहे. आत्ता लगेच नाही, हे पूर्ण बरं होऊन काही महिने जाऊ देत म्हणाले, तोवर फ्लू आणि न्यूमोनियाची उरकून घ्या. लस महाग आहे हे खरं, पण मी बिल काढून बसलो तर दोन वर्षांत बाटल्यांचे ६८,४०० झालेत.

आणि जेवणात डाळ, अंडं वाढवा म्हणाले, अण्णा संध्याकाळी नुसता दूधभात खातात. अंड्यावर घरात वेगळं भांडण सुरू आहे, आईच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही.

पेशीवाली
छान डॉक्टर आहेत. अंड्याचं होत नसेल तर दही, हरभरा, शेंगदाण्याचं कूट चालेल. आणि पुलावरनं गणपतीला जाणं थांबवू नका, फक्त चटका पूर्ण जाईपर्यंत सैल सदरा घाला.

हळद्या
आतेभावाला काय सांगितलंत ते राहिलं की.

नदीपल्याड
मी काय बोललोच नाही. अण्णांनीच फोन करून सांगितलं, बाळा पुढच्या महिन्यापासनं आणू नको, रक्त लई पातळ झालंय. तो म्हणाला मामा रक्त पातळ झालं म्हणजे गुण आला. अण्णांनी फोन आईकडं दिला. पुढचं इथं लिहिण्यासारखं नाही.

साताऱ्याची_सून
सासूबाईंची डोळ्याची गोळी चालू ठेवलीय, पण मिरजच्या काकांचं वाचून त्यांचा पण डबा उपडा केला. एका बाटलीवर व्हिटॅमिन ई असं कुठंच नाही, टोकोफेरील ॲसिटेट असं लिहिलंय. ते वेगळं असतं का?

मिरज_जंक्शन
तेच ते. टोकोफेरॉल, टोकोफेरील, काही लिहिलं असलं तरी बेरजेत धरा.